ओतकामातील ताण आणि मानेतील ताण

कोल्हापूरजवळील गडमुडशिंगीपासून थोड्याच अंतरावर असलेल्या गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाचा एखादा अवघड भाग साच्यात ओतण्यापूर्वी संगणकावर त्याची परीक्षा घेण्याचा रिवाज आता पडला आहे. धातूचा रस कोठे आधी थिजेल, पोकळी कोठे राहील, भार येताच तडा कोठून जाईल, याचा अदमास अगोदरच मिळतो आणि माल नापसंत होऊन परत येण्याचे नुकसान टळते. मोटारीच्या सुट्या भागाविषयी आपण बाळगतो ती सावधगिरी माणसाच्या मानेविषयीही बाळगली जावी, अशी माझी मागणी आहे.

मानेच्या मणक्यांच्या पाठीमागून, मज्जारज्जूला अगदी लगटून, एक लांब अस्थिबंध खाली उतरतो. काही माणसांत त्याचे हळूहळू हाड बनते आणि ते हाड मज्जारज्जूची जागा बळकावू लागते. डॉक्टर मंडळी या विकारास ‘ओपीएलएल’ म्हणतात. आरंभी दुखणे असे फारसे नसतेच. सदऱ्याचे बटण लावताना बोटे अडखळतात, धार काढताना मुठीत जोर राहत नाही, चालता चालता पायातली चप्पल निसटते आणि तिचा पत्ता लागत नाही. घरचे लोक मात्र हे सारे वयाच्या खात्यावर जमा करून मोकळे होतात. जपानात शेकडा 2 ते 4 लोकांत हा विकार आढळतो, म्हणून तेथील आरोग्य खात्याने 1975 साली त्याच्या संशोधनासाठी स्वतंत्र समिती नेमली. गंमत अशी की, 1960 साली जपानचेच डॉक्टर त्सुकिमोतो यांनी शवविच्छेदनावरून या विकाराची हकिकत प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत क्लॉ या स्थापत्य अभियंत्याने ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव ज्या गणितपद्धतीस दिले, तीच पुढे या विकाराच्या अभ्यासास उपयोगी पडली.

या पद्धतीत मज्जारज्जूचे हजारो बारीक तुकडे कल्पून, हाडाचा दाब आणि मानेची हालचाल यांमुळे प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो याचा हिशेब मांडतात. एमआरआयचे चित्र निश्चल पडलेल्या माणसाचे असते; माणूस मात्र मान वाकवतो, ठेचकाळतो, मोटारसायकलीवर आदळतो. यामागुची विद्यापीठातील अस्थिशल्यविशारदांनी असे संगणकीय प्रतिरूप रचून दाखविले की, दाब तेवढाच असूनही मान वाकली की मज्जारज्जूतील ताण वाढतो. आपल्या मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात काम केलेले मज्जाशल्यविशारद डॉ. अतुल गोयल यांनी तर या विकाराच्या मुळाशी मणक्यांची अस्थिरताच असावी, सबब हाड न काढता मणके जखडून टाकणे पुरे, असा पक्ष मांडला आहे. तो सर्वमान्य नाही; तथापि दाबाइतकेच हालचालीलाही गुन्हेगार धरावे लागते, एवढे तरी या दोन स्वतंत्र वाटांवरून दिसते, आणि अशा वादाचा निवाडा करण्यास प्रतिरूपाची साक्ष मोलाची ठरेल.

साक्षच, निकाल नव्हे. या प्रतिरूपांत मज्जारज्जूच्या ताठरपणाचे आकडे बहुधा गुराच्या मज्जारज्जूवरील प्रयोगांतून घेतलेले असतात. वर्षानुवर्षे दबलेल्या, रक्तपुरवठा क्षीण झालेल्या मानवी मज्जारज्जूची कैफियत त्यांत पुरती उतरत नाही. म्हणूनच संगणकाने काढलेले रंगीत चित्र पाहून शस्त्रक्रियेचा हुकूम सोडणे मला अप्रशस्त वाटते. परंतु अपुरेपणाच्या सबबीवर ते कामच हाती न घेणे हे त्याहून अप्रशस्त होय, कारण रुग्णांच्या तपासण्यांशी वेळोवेळी ताडून पाहिल्यावाचून कोणतेही प्रतिरूप सुधारत नाही.

कोल्हापुरास या कामी काय कमी आहे? राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यास जोडलेले सीपीआर रुग्णालय आहे, 1962 पासूनचे शिवाजी विद्यापीठ आहे, आणि गोकुळ शिरगावातच 1983 साली निघालेले केआयटी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. रुग्णांची संमती घेऊन, नावे वगळून, मानेची सीटी व एमआरआय चित्रे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या हाती देण्याची तजवीज या संस्थांनी करावी. त्यासाठी नवी इमारत नको, अधिष्ठाता आणि प्राचार्य यांच्यात एक करार पुरे.

तोवर वाचकांस एवढेच सांगणे की, बोटे बधिर होत असतील वा चालताना तोल जात असेल तर कोणाकडूनही मान कडाकडा मोडून घेऊ नये; प्रथम मणक्याच्या डॉक्टरास दाखवावे.