दान देणारा कोण आणि वाटणारा कोण?

आमच्या देशात दानशूरांची वाण नाही. मंदिराच्या पायरीपासून इस्पितळाच्या खाटेपर्यंत देणगीदारांची नावे कोरलेली दिसतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने तर ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावली. १ एप्रिल २०१४ पासून हा पैसा वाहतो आहे आणि त्यातला सर्वात मोठा वाटा महाराष्ट्रात खर्च होतो. तरीही वस्तीतल्या अभ्यासिकेवर पत्रे पडत नाहीत. तालुक्याच्या गावी खोली घेऊन शिकणारी मुलगी भाडे थकले म्हणून शिक्षण सोडते. हा पैसा जातो कुठे? तो कोणाला द्यायचा हे कंपनीच्या संचालकांच्या खोलीत ठरते. त्या खोलीत आमच्या वस्तीतला माणूस चहा घेऊन जातो, खुर्चीवर बसत नाही.

दान किती झाले याचा हिशेब सगळेच मांडतात. दान कोणी वाटले आणि कोणाला विचारून वाटले, हा प्रश्न मात्र कोणी काढत नाही. आम्हाला आज तोच प्रश्न काढायचा आहे. त्यासाठी आम्ही अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराचे उदाहरण घेणार आहोत, कारण या प्रश्नाला कायद्याच्या भाषेत पहिले उत्तर देण्याचा प्रयत्न तिथे झाला.

२ जानेवारी १९१४ रोजी क्लीव्हलँड फाउंडेशन स्थापन झाले. जगातले हे पहिले कम्युनिटी फाउंडेशन, म्हणजे एका शहराचा आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशाचा सामाईक, कायमचा निधी. त्याचा कर्ता फ्रेडरिक गॉफ हा पेशाने वकील आणि नंतर क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनी या बँकेचा अध्यक्ष. मृत्युपत्रे करून धर्मादायाला पैसा ठेवणाऱ्या श्रीमंतांचे विश्वस्तपण त्याच्या बँकेकडे येत असे. त्यातून त्याला एक अडचण दिसली. माणूस मरतो, काळ बदलतो, पण त्याने लिहिलेली अट बदलत नाही. सेंट लुईस शहराचा एक माजी महापौर १८५१ मध्ये वारला. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या गरीब वाटसरूंच्या मदतीसाठी त्याने आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा ठेवला होता. पुढे रेल्वे आली, छपराच्या गाड्यांचे तांडे संपले, आणि ज्यांच्यासाठी पैसा ठेवला ते वाटसरूच उरले नाहीत. इंग्रजी कायद्यात याला मृताचा हात म्हणतात. जिवंतांची गरज समोर उभी असते आणि तिजोरीची किल्ली मेलेल्याच्या मुठीत असते.

गॉफने यावर दोन उपाय काढले. पहिला उपाय असा की निधीचा मूळ हेतू कालबाह्य झाला तर तो बदलून जवळच्या हेतूसाठी वापरण्याचा अधिकार संस्थेच्या घटनेतच लिहून ठेवला. दुसरा उपाय आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. पैसा सांभाळणारे आणि पैसा वाटणारे त्याने वेगळे केले. रक्कम गुंतवायची ती बँकेने. उत्पन्न कोणाला द्यायचे हे ठरवायला पाच जणांची वितरण समिती. त्यातले दोन सभासद बँकेने नेमायचे, एक शहराच्या महापौराने, एक वारसा प्रकरणे चालवणाऱ्या न्यायालयाच्या ज्येष्ठ न्यायाधीशाने आणि एक संघीय जिल्हा न्यायालयाच्या न्यायाधीशाने. म्हणजे पाचात तीन सभासद सार्वजनिक पदावरील व्यक्तींनी नेमलेले. पैसा खाजगी, पण वाटपाच्या टेबलावर बहुमत सार्वजनिक. कायद्याच्या विद्यार्थ्याने ही रचना नीट अभ्यासावी.

स्थानिक दानाला अशा संस्थेचा आधार कसा मिळतो तेही समजून घेतले पाहिजे. स्वतंत्र ट्रस्ट काढायचा तर नोंदणी, लेखापरीक्षण, गुंतवणूक, अर्जांची छाननी हे सारे आले. निवृत्त शिक्षिकेला किंवा लहान दुकानदाराला हे परवडत नाही. तो आपली रक्कम फाउंडेशनकडे देतो. त्याच्या आईच्या नावाचा निधी वेगळ्या खात्यावर राहतो, पण गुंतवला जातो सगळ्यांच्या पैशांबरोबर. मुद्दल हलत नाही आणि उत्पन्नातून दरवर्षी शिष्यवृत्ती किंवा अनुदान निघते. लहान संस्थांनाही आपला राखीव निधी तिथे ठेवता येतो. आज कायाहोगा, लेक आणि जिऑगा या तीन परगण्यांत काम करणाऱ्या या संस्थेकडे सुमारे ३ अब्ज डॉलरची मालमत्ता आहे. अमेरिकेत अशी शेकडो फाउंडेशने उभी राहिली आणि ही कल्पना जगभर गेली.

सुरुवातीच्या वर्षांत या फाउंडेशनने शहराचा अभ्यास करण्यावर भर दिला. शहरातील सरकारी शाळांची पाहणी करून २५ खंड प्रसिद्ध केले. १९२०-२१ मध्ये शहराच्या न्यायालयाचा मुख्य न्यायाधीशच एका खुनाच्या प्रकरणात अडकला, तेव्हा फाउंडेशनने फौजदारी न्यायव्यवस्थेची पाहणी करवली. ती रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर या हार्वर्डच्या कायदेपंडितांनी केली आणि १९२२ मध्ये अहवाल आला. जानेवारी १९१९ च्या पहिल्या पंधरवड्यापेक्षा दुसऱ्या पंधरवड्यात शहराच्या वर्तमानपत्रांनी गुन्ह्यांच्या बातम्यांना सुमारे सातपट जागा दिली; प्रत्यक्षात नोंदलेले गुन्हे ३४५ वरून ३६३ झाले होते. हे त्या अहवालाने आकड्यांनिशी दाखवले. पोलीस, सरकारी वकील, जामीनदार आणि छापखाना अशा सर्वांची झाडाझडती दानाच्या पैशाने झाली. असे दान आमच्याकडे किती धनिक देतील?

पण या गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही वाचकांची फसवणूक करू. वितरण समितीवर सभासद नेमणारे महापौर आणि न्यायाधीश होते कोण? १९६७ पर्यंत क्लीव्हलँडचा प्रत्येक महापौर गोरा होता. शहराच्या पूर्वेकडच्या वस्त्यांत कृष्णवर्णीयांना दाटीवाटीने कोंबले गेले, बँका तिथे कर्ज देईनात, घरे पडायला आली. जुलै १९६६ मध्ये हफ या वस्तीतल्या एका गोऱ्या मालकाच्या गुत्त्यात कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला पेलाभर पाणी नाकारले गेले आणि वस्ती पेटली. चार जण मेले, चारही कृष्णवर्णीय. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास जाणणाऱ्यांना पाणी नाकारण्याचा अर्थ आम्ही वेगळा सांगायला नको. त्या वेळी त्याच शहरातल्या या दानसंस्थेला ५२ वर्षे झाली होती! टेबल सार्वजनिक असून भागत नाही. त्या टेबलाभोवती कोण बसले आहे हे वरचेवर तपासावे लागते.

ते तपासण्याचे काम रस्त्यावरच्या चळवळीने केले. नोव्हेंबर १९६७ मध्ये कार्ल स्टोक्स निवडून आले आणि अमेरिकेतील एका मोठ्या शहराला पहिला कृष्णवर्णीय महापौर मिळाला. १९८४ ते २००३ या काळात फाउंडेशनची सूत्रे स्टीव्हन मिंटर या कृष्णवर्णीय गृहस्थांकडे होती. २००८ च्या सुमारास फाउंडेशनने शहरातल्या मोठ्या इस्पितळांना आणि विद्यापीठाला एकत्र बसवले आणि एव्हरग्रीन नावाच्या सहकारी संस्था उभ्या केल्या. इस्पितळाच्या चादरी धुणारी धुलाई संस्था २००९ मध्ये सुरू झाली आणि तिथले कामगार तिचे मालकही होऊ लागले. २०१८ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिक या बड्या इस्पितळाने आपली धुलाई या संस्थेकडे सोपवली. २०२३ मध्ये फाउंडेशनने आपले मुख्य कार्यालय शहराच्या मध्यभागातून उचलून हफ वस्तीच्या लगत नेले. गरिबी संपली असे आम्ही म्हणत नाही. पण धुणाऱ्याला मालकी देणारे दान हे ब्लँकेट वाटून फोटो काढणाऱ्या दानापेक्षा वेगळ्या जातीचे आहे.

याच शहरात आणखी एक धडा आहे. १९६७ मध्ये फोर्ड फाउंडेशन या खाजगी संस्थेने क्लीव्हलँडमधील एका नागरी हक्क संघटनेला कृष्णवर्णीय वस्त्यांत मतदार नोंदणीसाठी अनुदान दिले. १९६९ च्या करसुधारणा कायद्याने त्यावर लगाम घातला. खाजगी फाउंडेशनचा पैसा मतदार नोंदणीला घ्यायचा असेल तर काम किमान पाच राज्यांत चालले पाहिजे, अशी अट आली. एका शहराच्या, एका वस्तीच्या कामाला तो पैसा मिळणे बंद! गरिबाला खिचडी वाटा, कोणी हरकत घेत नाही. गरिबाच्या हाती सत्ता येईल असे काही केले की कायदा जागा होतो.

आमच्याकडे काय घडले? सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी अंशदान नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेने त्यातला पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली, जरी ती दुसरी संस्था त्याच कायद्याखाली नोंदलेली असली तरी. मोठ्या संस्थेकडून खेड्यातल्या लहान गटाकडे जाणारा ओघ कलमाच्या एका फटक्यात आटला. २०२३ च्या वित्त कायद्याने देशी पैशालाही चाप लावला. एका धर्मादाय संस्थेने दुसरीला देणगी दिली तर तिच्यातली ८५ टक्केच रक्कम हेतूसाठी खर्च झाली असे धरायचे. त्याच वर्षी नवी करप्रणाली आपोआप लागू होणारी ठरली आणि तीत ८० जी ची वजावट नाही. म्हणजे स्वतः काम करणाऱ्या बड्या संस्थेला मुभा, पण गोळा करून लहानांना वाटणाऱ्या संस्थेला खोडा. कंपन्यांचा दोन टक्के पैसा हवा तर एप्रिल २०२१ पासून संस्थेला सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी करावी लागते. ज्या महिला मंडळाकडे लेखापरीक्षकाची फी द्यायला पैसे नाहीत, ते हा उंबरठा कसे ओलांडणार? मुंबईत १९९१ मध्ये बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट उभा राहिला, पण ही कल्पना आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत रुजली नाही. हे कायदे पाहता ती आपोआप रुजणारही नाही.

मग आम्ही काय करायचे? क्लीव्हलँडला हा निधी स्थापन झाला तेव्हा बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते गेले होते आणि महाराजांचे औदार्य आम्ही विसरत नाही. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. जे दान एका दात्याच्या मुदतीवर चालते, त्याच्या भरवशावर समाजाचे शिक्षण सोपवता येत नाही. म्हणूनच १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी आपल्या मिळकतीचा विसावा भाग देण्याचा निश्चय करायला सांगितले. हात पसरायला सांगितले नाही.

आमचा समाज देत नाही असे कोणी म्हणू नये. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन, विहाराचे बांधकाम, अत्याचारग्रस्त कुटुंबाची मदत, सगळीकडे आमचीच वर्गणी असते. पण ती वर्षाच्या आत संपते. समजा, एका जिल्ह्यातल्या एक हजार कुटुंबांनी महिना १०० रुपये बाजूला काढले. वर्षाला १२ लाख होतात, पाच वर्षांत ६० लाख. त्यावर सहा टक्के व्याज धरले तर मुद्दलाला हात न लावता दरवर्षी ३ लाख ६० हजार रुपये मिळतात. बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी ३० हजार! आणि हे एकदा नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या.

कायद्याच्या अंगाने चार गोष्टी सांभाळाव्यात. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी. निधीचा हेतू लिहिताना केवळ एका धर्मसमुदायासाठी असे लिहू नये. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १३ ने एका धर्माच्या वा जातीच्या हितासाठीच्या ट्रस्टला करसवलत नाकारली होती, पण अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुले यांना त्यातून वगळले होते. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्याखाली नोंदणी करतानाही हेतूचे कलम जाणकाराकडून तपासून घ्यावे. दुसरे, विश्वस्त आणि वितरण समिती वेगळी ठेवावी. समितीवर महिला, विद्यार्थी आणि एक पैही न दिलेला वस्तीतला माणूस असावा आणि दर तीन वर्षांनी चेहरे बदलावेत. तिसरे, हेतू कालबाह्य झाला तर बदलता येईल असे कलम आधीच लिहावे, नाहीतर कलम ५५ खाली अर्ज करत बसावे लागेल. चौथे, जमाखर्च दरवर्षी विहाराच्या फळ्यावर लावावा. आम्ही न्यायालयात ट्रस्टची जी भांडणे पाहतो, त्यांतली निम्मी हिशेब दडवण्यातून आणि विश्वस्त बदलाची नोंद वेळेवर न करण्यातून उभी राहतात.

एक गोष्ट मात्र बजावून सांगितली पाहिजे. असा निधी म्हणजे सरकारच्या जबाबदारीला पर्याय नव्हे. शिष्यवृत्ती हा आमचा हक्क आहे, ती थकली तर मोर्चाही निघेल आणि रिटही दाखल होईल. निधी असेल तर मोर्चा निघेपर्यंत आणि निकाल लागेपर्यंत आमची मुलगी वर्गात टिकून राहील. येत्या जयंतीच्या वर्गणीची पावतीपुस्तके छापण्याआधी प्रत्येक विहार समितीने बैठक घ्यावी आणि एकच ठराव मांडावा: जमलेल्या रकमेचा विसावा भाग कायम निधीत जाईल आणि तो कोणाला द्यायचा हे वस्ती ठरवील.