पत्रिका जुळली, पण संसार?

संगणक माणसांच्या पत्रिका जुळवू लागला, त्याला बराच काळ लोटला. आता तो पदार्थांच्याही पत्रिका पाहतो. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझानच्या संशोधकांनी १,०८,४२३ ज्ञात संयुगे संगणकाच्या चाळणीत घातली. त्यांतून थराथरांनी बनलेली ५,६१९ निघाली. ज्यांचा एकेक थर सुटा करता येईल, अशी १,८२५ उरली. त्यांपैकी २५८ संयुगांची कसून गणिते मांडली, तेव्हा ५६ चुंबकीय ठरली.

हा खटाटोप कशासाठी? इलेक्ट्रॉनला विद्युतभाराप्रमाणेच 'स्पिन' ही चुंबकीय दिशाही असते. तिच्यात माहिती साठवली, तर वीज गेली तरी नोंद पुसत नाही. चुंबकच अणूइतका पातळ मिळाला, तर ही साठवण अगदी इवल्याशा जागेत मावेल.

पण निसर्ग इतका उदार नाही. दोन मितींत सर्व दिशा सारख्याच असतील, तर उष्णतेपुढे असे चुंबकत्व टिकत नाही, हे मर्मिन आणि वॅग्नर यांनी १९६६ मध्येच सिद्ध केले. स्फटिकाला एखादी दिशा लाडकी असली, तरच पळवाट सापडते. २०१७ मध्ये क्रोमियम ट्रायआयोडाइडच्या एका थरात ती सापडली. पण चुंबकत्व टिकले उणे २२८ अंशांच्या खालीच. शिवाय हवेतील ओल लागली की हा थर नासतो.

नेमके इथेच यादीचे तोकडेपण उघडे पडते. ही गणिते बहुधा निरपेक्ष शून्य तापमानाची असतात. क्रोमियम, लोह यांच्या इलेक्ट्रॉनांमधील प्रतिकर्षणाचा एक आकडाही अनेकदा संशोधकालाच निवडावा लागतो. तो बदलला, तर निकालही बदलू शकतो. म्हणून प्रत्येक यादीसोबत तिची गृहीतके, आणि प्रयोगात फसलेली नावेसुद्धा, छापली गेली पाहिजेत.

पुण्याच्या 'आयसर'मध्ये 'परम ब्रह्म' महासंगणक उभा राहिला, याचा अभिमान रास्तच आहे. मात्र यंत्राच्या उद्घाटनाला फीत असते. भट्टीपाशी दिवसेंदिवस बसून स्फटिक वाढवणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला ती येत नाही. निधी वाटताना त्याची आठवण कोण ठेवणार? संगणकाची चाळणी हवीच; तिच्यावाचून लाखभर संयुगांत शोधायचे कुठे? पण छत्तीस गुण जुळले म्हणजे संसार झाला, असे नव्हे. तो भट्टीपाशीच मांडावा लागतो.