पेट्रोल परवडत नाही म्हणून घरचा सिलिंडर गाडीत? खानदेशाने आता थांबायला हवं

1 जानेवारी 2024 रोजी नव्या 'हिट अँड रन' तरतुदीच्या विरोधात टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडी इथल्या डेपोंमधून उत्तर महाराष्ट्राला होणारा इंधनपुरवठा अडला आणि बघता बघता पंपांवर रांगा लागल्या. 2 जानेवारीच्या रात्री केंद्राशी चर्चा होऊन तिढा सुटला. पण एक गोष्ट उघडी पडली. टँकर दोन दिवस आला नाही, तर आपलं चाक जागेवर थांबतं.

संप तर कधीतरी होतो. पण शंभरीपार गेलेलं पेट्रोल ज्याला परवडत नाही, त्या रिक्षावाल्यासाठी आणि व्हॅनवाल्यासाठी पेट्रोल रोजच 'नसतं'. मग तो पर्याय शोधतो. यात नवल नाही. पेट्रोलचं इंजिन थोड्या फेरफाराने गॅसवरही चालतं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं, तेव्हा आपल्या देशात बस आणि लॉऱ्या लाकडी कोळशाच्या गॅसवर धावल्या होत्या.

आज खानदेशात हा पर्याय अनेकदा स्वयंपाकघरातून येतो. घरगुती वापराचा 14.2 किलोचा लाल सिलिंडर, एक छोटी मोटर, एक नळी, आणि गल्लीतल्या दुकानात गाडीत गॅस भरून मिळतो. त्याची किंमत काय असते, हे जळगावने पाहिलंय. नोव्हेंबर 2024 मध्ये इच्छादेवी चौक परिसरात अशाच अवैध केंद्रावर कारमध्ये गॅस भरताना स्फोट झाला. लग्नकार्यासाठी गाडी घेऊन निघालेलं कुटुंब त्यात होरपळलं. जखमींपैकी काहींनी नंतर उपचार सुरू असताना प्राण सोडले.

हे का घडतं, ते समजून घेऊ. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो, गटारीत आणि खोलगट जागेत साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण दोन टक्के झालं, तरी एक ठिणगी पुरते. ती ठिणगी भरणाऱ्या मोटरमधूनच पडू शकते. शिवाय अधिकृत पंपावर टाकी 80 टक्के भरली की व्हॉल्व्ह पुरवठा बंद करतो. उरलेली जागा उन्हात गॅस फुगण्यासाठी असते. गल्लीत हा हिशेब अंदाजाने चालतो. जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात हा अंदाज चुकला तर काय होईल, वेगळं सांगायला नको.

घरगुती सिलिंडर वाहनात वापरणं बेकायदा आहे, जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली कारवाई होते. छापे पडतात, सिलिंडर जप्त होतात, काही दिवसांनी पुढच्या गल्लीत तेच सुरू. मागणी तशीच आहे, मग दुकान बंद कसं होणार?

इथेनॉलचं नाव बरंच घेतलं जातं. आपल्या भागातला मका त्यासाठी जातोय, शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळालंय, ही चांगलीच गोष्ट. पण ई-20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल. बाकीचं 80 टक्के पेट्रोल टँकरनेच येतं. रिक्षावाल्याचं बिलही त्याने कमी होत नाही, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते.

खरा पर्याय आहे तो अधिकृत ऑटो एलपीजी, सीएनजी आणि ई-रिक्षा. सीएनजी हवेपेक्षा हलका, गळाला तरी वर निघून जातो. मात्र किट मान्यताप्राप्त हवं, आरसी बुकावर नोंद हवी आणि सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी हवी. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते.

आपल्या वस्त्यांमधली कितीतरी घरं रिक्षा, व्हॅन आणि गॅरेजवर चालतात. म्हणून आम्ही दोन्हीकडे बोट दाखवतो. प्रशासनाने छाप्यांबरोबरच तालुक्याच्या गावांपर्यंत अधिकृत गॅस पंप न्यावेत आणि किटसाठी सोपं कर्ज द्यावं. आणि आपण मुलांना व्हॅनमध्ये बसवण्याआधी चालकभाईंना एवढं नक्की विचारावं : गाडीत गॅस कुठून भरता?