मुशीत जाण्याआधी

दोस्तांनो, सायकल चोरीला गेली तर तिचा रंग, घंटी, मडगार्डावरचा ओरखडा सांगता येतो. सोन्याचं तसं नाही. बांगडी मुशीत घालून आटवली की उरते नुसती लगड. ती कुणाच्या आजीची होती, हे मग ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही! म्हणूनच चोराला सराफाचं दुकान गाठायची घाई असते, आणि म्हणूनच कायद्याची नजर त्या दुकानावर असते.

आपल्या राज्यात १९५१ सालचा पोलीस कायदा आहे. पूर्वी त्याला मुंबई पोलीस कायदा म्हणत, आता महाराष्ट्र पोलीस कायदा. त्यातलं कलम १२६ गहाणवट करणारे, जुन्या वस्तूंचे व्यापारी आणि धातूचं काम करणारे यांच्यासाठी आहे. समजा, पोलिसांनी चोरीच्या दागिन्याचं लेखी किंवा छापील वर्णन दुकानदाराला दिलं. तशी वस्तू त्याच्याकडे आधीच आलेली असो, वा नंतर कुणी विकायला, गहाण ठेवायला, अगदी नुसतं घडण बदलायला आणो, त्याने ताबडतोब पोलिसांना कळवायचं. "मी घेतलीच नाही, परत पाठवलं त्याला," एवढ्यावर सुटका नाही! आणणाऱ्याचं नाव-पत्ता मिळवायचा शक्य तो प्रयत्नही करायचा. नाही कळवलं तर दंड. पण पोलिसांच्या परवानगीशिवाय ती वस्तू वितळवली, तर कलम १२७ खाली कैदसुद्धा होऊ शकते. हा फरक मला फार शहाणपणाचा वाटतो. उशिरा कळवलं तरी दागिना सापडेल. आटवल्यावर काय सापडणार?

आणि असा कागद आलाच नसेल तर? भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिचं कलम ३१७ सांगतं, की माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना, जो बेइमानीने घेईल त्याला तीन वर्षांपर्यंत कैद. अनोळखी माणूस पावतीविना चार मंगळसूत्रं निम्म्या भावात देतोय, आणि सराफ म्हणतो "मला काय माहीत"! कोण विश्वास ठेवील?

सराफ खरोखरच फसला असेल, तर त्याला शिक्षा नाही. पण दागिनाही त्याचा होत नाही. जो मालक नाही, त्याच्याकडून सहसा मालकी मिळत नाही, असं मालविक्रीचा १९३० चा कायदा सांगतो. म्हणून आईने जुनं सोनं मोडायला नेलं आणि ओळखपत्र मागितलं गेलं, तर तिने रागावू नये.

मालकाचंही काम आहे बरं का. तक्रारीत "एक सोन्याची चेन" एवढंच लिहिलं तर सराफ काय ओळखणार? आई-बाबांनी पावत्या जपाव्यात, फोटो काढावेत, वजन लिहून ठेवावं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क दागिन्यावर सहा अंक-अक्षरांची खूण असते, तीही उतरवून घ्यावी. आजीच्या पाटल्यांवर ती कुठली असायला! तिथे फोटोच कामाला येणार.

आता खास तुमचं कलम, १२८. चौदा वर्षांहून मोठ्या न दिसणाऱ्या मुलाला पैसे देऊन त्याची कोणतीही वस्तू गहाण ठेवून घेणं हा गुन्हा आहे. मालकाच्या नकळत, संमतीविना ती त्याच्याकडून विकत घेणं हाही गुन्हाच. कोणतीही म्हणजे अंगठीच नव्हे; घड्याळ, बॅट, सायकलसुद्धा. "घरून काहीतरी आण, लगेच पैसे देतो," असं एखादा मोठा माणूस म्हणत असेल, तर हे कलम आजच आई-बाबांना दाखवा.