छंद म्हणजे शेवटची ओळ?

बायोडाटात आपण ब्रँच ठळक टाकतो आणि छंदाच्या रकान्यात ‘वाचन, संगीत’ असं काहीतरी ठोकून देतो. खुटबावच्या भजनात पखवाज वाजवणारं पोरगं हॉस्टेलला आलं की पखवाज गावीच राहतो. घरचे म्हणतात, आधी नोकरीचं बघ! मला हे अजिबात पटत नाही.

अतुल चिटणीस यांचंच घ्या. जन्म १९६२चा, बर्लिनचा. शिक्षण बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये, तेही मेकॅनिकलचं! (मेकॅनिकलवाल्यांनो, वाचताय ना?) १९८९ मध्ये त्यांनी बुलेटिन बोर्ड सेवा सुरू केली. मोडेमने फोन जोडून लोक तिथं निरोप ठेवत. १९९६ पासून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी निघाल्या, त्यामागेही तेच होते. नेट नसलेल्या घरांतही लिनक्स पोहोचलं ते असं. हे त्यांच्या सिलॅबसमध्ये असणं शक्यच नव्हतं. लिनक्स आलं १९९१ मध्ये, आणि लिनस टोरवाल्ड्सनं तेसुद्धा हौस म्हणूनच सुरू केलेलं. चिटणीस गिटारही वाजवत. २०१३ मध्ये कॅन्सरनं ते गेले.

तेव्हा रेक्टरसर, कॉमन रूम रात्री दहापर्यंत उघडी ठेवा. खुटबावहून पखवाज आणायचं आम्ही बघतो.