स्वस्त दूरचित्रवाणी-संच : चित्र आणि मोल

ऊसतोडीहून परतल्यावर धारूरकडील एखादें कुटुंब ३२ इंची सपाट पडद्याचा स्वस्त संच घेतें, त्यांत गैर कांहींच नाहीं. मात्र खोक्यावरील ‘फोर-के सपोर्ट’ या शब्दांनीं भुलूं नये. तसें चित्र यंत्र स्वीकारील, इतकाच त्याचा बहुधा अर्थ. दाखवील तें पडद्याच्या शक्तीप्रमाणेंच. अशा पडद्यावर बहुधा १३६६ × ७६८, म्हणजे सुमारें साडेदहा लक्ष बिंदु असतात. १९२० × १०८० च्या पडद्यावर जवळजवळ दुप्पट. तथापि डीडी फ्री डिशवरील साध्या वाहिन्यांचें चित्र जास्तींत जास्त ७२० × ५७६ बिंदूंचें. तेवढेंच पाहणाऱ्या घरानें दुप्पट बिंदूंसाठीं पैसे मोजावे, असें मला वाटत नाहीं. मुलांना पडद्यावर धडे वाचावयाचे असतील, तर गोष्ट निराळी.

खरी परीक्षा दुकानांत उभें राहून होत नाहीं. आपल्याकडे संच भिंतीवर उंच टांगितात आणि मुलें खालीं जमिनीवर बसतात. कित्येक स्वस्त पडद्यांचे रंग तर खालून वा बाजूनें पाहतां फिके पडतात. म्हणून पालकांनीं संकोच न धरितां दुकानांतच खालीं बसावें आणि पडद्यावरील माणसांच्या चेहऱ्यांचा रंग पाहावा. दुकानदार हंसला तर हंसो बापडा!