बारा लाखांतले आमचे किती?

आमचे माहीम मुंबईतले नव्हे. केळव्याच्या शेजारचे, पालघर तालुक्यातले. इथून उत्तरेला तीसेक किलोमीटरवर वाढवणचे बंदर होऊ घातले आहे. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, 30 ऑगस्टला पालघरात पायाभरणी झाली. नऊ कंटेनर टर्मिनल, समुद्रात भराव घालून केलेली 1,448 हेक्टर जमीन आणि सुमारे 12 लाख रोजगार! हा शेवटचा आकडा ऐकला की मला ग्रीसमधले पिरेअस आठवते.

पिरेअस हे अथेन्सचे बंदर. 1830 च्या सुमारास तिथे जेमतेम वस्ती होती. अथेन्स राजधानी झाली आणि या किनाऱ्याचे नशीब उघडले. शहर पोसले ते मात्र निव्वळ मालावर नव्हे. बेटांकडे जाणाऱ्या बोटी, जहाजमालकांच्या कचेऱ्या, गिरण्या, शेजारच्या पेरामातली जहाजदुरुस्ती, अशा शेकडो चुलींवर ते शिजले. 2009 पासून कंटेनरचे धक्के चिनी कॉस्को कंपनीने चालवायला घेतले. गोदी कामगारांनी संप केले, पण व्यापार वाढतच गेला. 2019 मध्ये वीस फुटी मापाने 56 लाखांवर कंटेनर हाताळले गेले. त्याच दशकात, ग्रीसवरच्या आर्थिक संकटात, पेरामात मात्र बेकारीने कहर केला होता. माल वाढला म्हणून शेजारच्या घरातला पगार वाढतोच असे नाही.

आपल्याकडे अनुभव काय सांगतो? तारापूरला अणुवीज आली, 1969 साली. पुढच्या विस्तारात अक्करपट्टी-पोफरणची घरे उठली. औद्योगिक वसाहत आली. तिच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाज परिषदेला हरित लवादाकडे जावे लागले. वाढवणचेच पाहा. न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखालील डहाणू प्राधिकरणाने 1998 मध्ये बंदर नाकारले. त्याच प्राधिकरणाने 2023 मध्ये हिरवा कंदील दाखवला. समुद्र तोच, पापलेटही तेच.

माझा बंदराला सरसकट विरोध नाही. पण यंत्रांवर चालणाऱ्या टर्मिनलमधून कंटेनर उतरून थेट मालगाडीत चढणार आणि दिल्लीकडे जाणार, तर सातपाटीच्या नाखव्याला आणि माहीमच्या पानवाडीवाल्याला त्यात काय? जहाजदुरुस्तीचे कारखाने, शीतगृहे, खलाशांचे शिक्षण हे सारे याच तालुक्यांत होणार का? मासेमारीचे क्षेत्र गेले तर भरपाई बोटमालकालाच, की बोटीवरच्या खलाशालाही, आणि मासे विकणाऱ्या बाईलाही? तिच्याजवळ तर कसलाच कागद नसतो.

या प्रश्नांची उत्तरे भराव पडण्याआधी, लेखी आणि गावनिहाय हवीत.